एल्मचा ओंडका फुटतच नाही, कुऱ्हाड रुतून बसते: दर हिवाळ्यातल्या या त्रासावर काय करायचं

थंडी सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो. एल्म, म्हणजे थंड मुलखातलं एक मोठं, चिवट लाकडाचं झाड, त्याचा ओंडका उभा केला, जोरात घाव घातला, कुऱ्हाड दोन बोटं आत गेली आणि तिथेच रुतली, आता ती निघत पण नाही आणि ओंडक्याला साधी चीर पण पडलेली नाही. मग दुसरा घाव, तिसरा घाव, शेवटी कसाबसा फुटल्यासारखा वाटतो तर दोन्ही भाग मधल्या जाड जाड धाग्यांनी एकमेकांना धरून बसलेले, हाताने ओढून ते तुटत नाहीत, परत कुऱ्हाड घ्या आणि एकेक धागा तोडत बसा. त्यात चेनसॉची, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या साखळीच्या करवतीची, चेन अर्ध्या झाडातच बोथट होते, आणि एवढं करून घरात आणलेलं लाकूड स्टोव्हमधे फसफसतं, टोकातून पाणी गळतं, काच काळी होते.

यावर बहुतेक जण एकच सल्ला देतात, एल्म सोडा, ओक घ्या नाहीतर ॲश घ्या. जिथे जंगल आहे तिथे हा सल्ला बरोबर आहे. पण उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीत, म्हणजे डाकोटा, नेब्रास्का, कॅन्सस, तिकडे वर कॅनडातलं सॅस्कॅचेवान वगैरे भागात जिथे नजर जाईल तिथवर गवत नाहीतर शेत आहे, तिथे ओक आणायचा कुठून? या भागात पहिल्यांदा वस्ती करणाऱ्यांनी बायसनच्या वाळलेल्या गोवऱ्या जाळल्या, गवताचे पीळ घालून ते जाळले, मक्याची बुरकुंडं जाळली, कारण लाकूड नव्हतंच. अमेरिकेच्या सरकारने १८७३ मधे झाडं लावणाऱ्याला जमीन देण्याचा कायदा केला तोही याच कारणाने. पुढे धुळीच्या वादळांनी जमिनी उडायला लागल्या तेव्हा १९३४ ते १९४२ या काळात नॉर्थ डाकोटापासून टेक्सासपर्यंत वारा अडवण्यासाठी झाडांचे पट्टे लावले गेले, जवळपास २२ कोटी झाडं, सगळे पट्टे जोडले तर साधारण ३०,००० किलोमीटर. त्यात दुष्काळ आणि थंडी दोन्ही सोसणारं आणि भराभर वाढणारं म्हणून सायबेरियन एल्म खूप ठिकाणी लावला. ती झाडं आता म्हातारी झालीत, शेंडे वाळलेत, बरीच उभ्या उभ्या मेलीत. म्हणजे या भागात जळण म्हटलं की समोर येतो तो एल्मच, त्यामुळे तो सोडा हा सल्ला कामाचा नाही, तो कसा घ्यायचा आणि कसा फोडायचा हे बघायला पाहिजे.

आणि लाकूड वाईट नाहीये हो. एक कॉर्ड, म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब रचलेली थप्पी, १२८ घनफूट, एवढ्या वाळलेल्या एल्ममधून साधारण २ कोटी बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता मिळते. नदीकाठचं कॉटनवुड १.६ कोटीच्या आसपास. ओक पुढे आहे हे खरं, पण नीट वाळलेला एल्म रात्रभर घर गरम ठेवतो, निखारे पण चांगले होतात. अडचण फक्त फोडण्याची आणि वाळवण्याची आहे आणि दोन्ही सुटण्यासारख्या आहेत.

आधी हे असं का होतं

बहुतेक झाडांचे तंतू बुंध्यापासून शेंड्याकडे साधारण सरळ जातात, म्हणून पाचर मारली की लाकूड त्या रेषेत उघडतं. एल्ममधे तंतू थोडे तिरके वाढतात, काही वर्षं एका बाजूला झुकून आणि मग पुढची काही वर्षं उलट्या बाजूला, असं थरावर थर. त्यामुळे एका थराची चीर पुढच्या थराला आडवी येते आणि तिथे थांबते. तुम्ही घाव घालता तेव्हा लाकूड उघडत नाही, नुसतं दाबलं जातं आणि पात्याला दोन्ही बाजूने घट्ट धरतं. याच गुणामुळे जुन्या काळी गाडीच्या चाकाची तुंबी, ज्यात सगळीकडून आरे ठोकायचे असतात, ती इंग्लंडमधे एल्मची करत. खुर्चीच्या बैठकीला भोकं पाडून पाय ठोकायचे तर तीही एल्मची. लंडनमधे पाण्याचे नळ एल्मचे खोड पोखरून केलेले असायचे. फुटू नये म्हणून मुद्दाम निवडलेलं लाकूड आपण फोडायला घेतोय हे एकदा लक्षात घेतलं की नुसता जोर वाढवून काही होणार नाही हे पटतं.

दुसरं कारण पाणी. अमेरिकन एल्मच्या ओल्या लाकडात, पूर्ण कोरड्या लाकडाचं जे वजन असतं त्याच्या साधारण ९२ ते ९५ टक्के पाणी असतं. ॲशमधे तेच ४५ च्या आसपास. म्हणजे दुप्पट. त्याशिवाय सायबेरियन एल्मला एक जिवाणूंचा रोग फार होतो, गाभ्यात पाणी आणि गॅस साठतो, सालीवरून आंबट वासाचा काळपट द्रव ओघळत असतो आणि वाळल्यावर पांढुरके डाग राहतात. असलं झाड कापलं की पाणी अक्षरशः वाहतं आणि वास असा येतो की शेजारी उभं राहवत नाही. वाळल्यावर तो वास बराच जातो, जळणाला हे लाकूड चालतं, पण वाळायला वेळ खूप घेतं.

निम्मं काम झाड निवडतानाच होतं

हे मी सगळ्यात जास्त जोर देऊन सांगेन, कारण लोक कुऱ्हाड बदलतात, मशीन भाड्याने आणतात, पण झाड तेच घेतात, जे रस्त्याजवळ पडलंय ते. उभं वाळलेलं झाड शोधा. नुसतं पानं नसलेलं नाही, साल सुटलेलं. एल्म मेल्यावर आधी साल घट्ट असते, मग एक-दोन वर्षात मोठमोठे तुकडे सुटून खाली पडायला लागतात आणि आतलं राखाडी गुळगुळीत लाकूड दिसतं. या अवस्थेतलं झाड वाऱ्याने आणि उन्हाने उभ्या उभ्याच बरंच वाळलेलं असतं, वजन निम्म्यावर आल्यासारखं वाटतं, आणि कापलं की टोकावर केंद्रातून बाहेर जाणाऱ्या चिरा आधीच पडलेल्या दिसतात. त्या चिरा म्हणजे फोडायची रेषा तयार मिळाली. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंध्यावर ठोकून बघा, वाळलेल्याचा आवाज टणक येतो, ओल्याचा दबका. आवाज पोकळ आला तर आतून कुजलंय, त्याला हात लावण्याआधी चार वेळा विचार करा.

सालीविना उभं झाड पण बुंध्याच्या खालच्या तीन-चार फुटात ओलं राहतं, बहुतेक वेळा. वरचा भाग जाळण्याजोगा आणि खालचा अजून एक वर्ष ठेवण्याजोगा असं एकाच झाडात असू शकतं, म्हणून थप्पी लावताना दोन्ही वेगळे ठेवा.

काय घेऊ नये: जमिनीवर बरीच वर्षं लोळत पडलेलं खोड, त्याच्या खालच्या बाजूला ओल आणि माती दोन्ही भरलेली असते. कुंपणाच्या रेषेतलं झाड, त्याचं पुढे सांगतो. एका बुंध्यातून चार-पाच खोडं फुटलेलं झाड असेल तर खोडं घ्या पण जिथे ती जुळतात तो गड्डा तिथेच सोडा, तो कुणालाच फुटत नाही. आणि वारा अडवणाऱ्या पट्ट्यातली जिवंत झाडं, विशेषतः वाऱ्याच्या बाजूच्या रांगेतली, तोडू नका. झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तो पट्टा शेताला आणि घराला आसरा देतो, एक रांग गेली की पुढच्याच हिवाळ्यात बर्फ दाराशी येऊन साठतो. एखादं पोकळ वाळकं झाडही राहू द्या. झाडंच कमी असलेल्या मुलखात सुतारपक्ष्याला आणि घुबडाला दुसरी जागा नसते, आणि पोकळ लाकडात तसंही जळण फार निघत नाही. मालकाची परवानगी तर घ्यायचीच, बऱ्याच शेतकऱ्यांना वाळलेली झाडं काढून हवीच असतात, फक्त फांद्यांचा कचरा शेतात टाकून जाणारे लोक त्यांना नको असतात.

फांद्यांकडे लोक बघतच नाहीत, त्यांना फक्त जाड बुंधा दिसतो. मनगटापासून पोटरीएवढ्या जाडीच्या वाळलेल्या फांद्या, म्हणजे साधारण १० सेंटीमीटरच्या आतल्या, त्या फोडाव्याच लागत नाहीत. एका मोठ्या एल्मच्या माथ्यात अशा फांद्या भरपूर असतात. त्या लांबीला कापल्या की थेट थप्पीत. फोडण्याचा त्रास टाळायचा सगळ्यात सोपा मार्ग हाच आहे.

एक इशारा मात्र थांबून वाचा. वाळलेलं उभं झाड पाडणं हे ओलं झाड पाडण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. वर अडकलेल्या सुट्या फांद्या चेनसॉच्या हादऱ्याने सरळ डोक्यावर येतात. कापायच्या आधी झाडाभोवती फिरून वर बघा, पळायची वाट मागे तिरकी मोकळी करून ठेवा, हेल्मेट, डोळ्याला चष्मा, कानाला संरक्षण आणि पायावर चेनसॉची खास पँट याशिवाय मशीन सुरू करू नका, एकट्याने जाऊ नका, आणि सतत एकाच दिशेच्या वाऱ्यात वाढलेली झाडं ज्या बाजूला झुकलेली असतात त्याच बाजूला पडतात हे धरून चाला. मोठं, वाकडं, आतून कुजलेलं झाड असेल तर अनुभवी माणसाला बोलवा.

आता फोडणं

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे लांबी. स्टोव्हमधे ४५ सेंटीमीटरचं लाकूड मावतं म्हणून सगळे तेवढेच ओंडके कापतात. एल्मला हे करू नका, ३० ते ३५ सेंटीमीटर ठेवा. तिरके तंतू जेवढ्या लांबीत एकमेकांना अडकतात तेवढा विरोध जास्त, लांबी एक तृतीयांश कमी केली की फरक लगेच हाताला कळतो. कापायला थोडं जास्त पेट्रोल जातं, चालेल. आणि कापतानाच ओंडक्याच्या मधे गाठ किंवा बेचकं येणार नाही असं बघा, गाठ आली तर ती ओंडक्याच्या टोकाला येऊ दे.

दुसरी, मधे मारू नका. ओकचा ओंडका मधे मारून दोन भाग करायची सवय असते, एल्ममधे तिथेच कुऱ्हाड रुतते. कडेने सुरू करा. सालीपासून तीन-चार बोटं आत, कडेला समांतर असा घाव, आणि एक चपटा तुकडा उडवा. मग ओंडका थोडा फिरवून पुढचा, असं गोल गोल फिरत बाहेरचे तुकडे काढत आत या. बाहेरच्या थरांत चिरेला फार लांब जायचं नसतं आणि तुकड्याला बाहेर उघडायला मोकळी जागा असते, म्हणून तो सुटतो. शेवटी मधे एक चौकोनी गाभा राहतो, तो बारीक असेल तर तसाच जाळा, रात्रीसाठी असे तुकडे छान असतात.

घाव कुठे घालायचा ते टोकावरची चीर बघून ठरवा. चीर असेल तर तिच्या बरोबर रेषेत, गाठीपासून लांब. दोन-तीन घाव एकाच रेषेत पडले पाहिजेत, विखुरलेले दहा घाव काही कामाचे नाहीत. जुना टायर ठोकळ्यावर ठेवून त्यात ओंडका उभा केला तर तुकडे उडून जात नाहीत आणि ओंडका फिरवत राहता येतो, पाठ वाचते.

कुठली कुऱ्हाड? बारीक पात्याची तोडायची कुऱ्हाड इथे नको, ती रुतणारच. जाड पाचरीसारख्या पात्याची, तीन-साडेतीन किलोची जड कुऱ्हाड, जिला मॉल म्हणतात ती घ्या, आणि सोबत दोन लोखंडी पाचरी आणि एक घण. पाचरी दोन पाहिजेतच, कारण पहिली रुतली की तिला सोडवायला त्याच चिरेत पुढे दुसरी लागते. धाग्यांसाठी एक छोटी धारदार कुऱ्हाड हाताशी ठेवा, पाचरीने फट उघडली की आत दिसणारे धागे तिने तोडायचे, ओढून तोडायचा प्रयत्न करू नका, मनगट दुखावतं.

कुऱ्हाड रुतली तर दांडा डावी-उजवीकडे हलवू नका, तो मानेपाशी मोडतो. दांड्याच्या टोकावर तळहाताने खाली जोरात थाप मारा, पातं वर उचललं जातं आणि बहुतेक वेळा सुटतं. नाही सुटलं तर शेजारच्या चिरेत पाचर मारून फट उघडा. कुऱ्हाडीच्या डोक्यावर घण मारायचा नाही, दोन कडक पोलादं एकमेकांवर आपटली की कपची उडते आणि ती डोळ्यात जाते. पाचरीचं डोकं मारून मारून छत्रीसारखं पसरलं असेल तर ती कड आधी घासून काढा, ती पण अशीच उडते.

कधी फोडायचं याचं उत्तर दोन टोकांना आहे. एकतर ओलं लाकूड कडाक्याच्या थंडीत, उणे १० उणे १५ झालं आणि ओंडके आतपर्यंत गोठले की. आतलं पाणी गोठलं की धागे ठिसूळ होतात आणि जो ओंडका ऑक्टोबरमधे हलला नाही तो जानेवारीत तडकतो. यासाठी मोठे ओंडके मुद्दाम बाहेर उघड्यावर ठेवा, छपराखाली नको, आणि आठवडाभर सलग थंडी पडली की मगच हात लावा. फार थंडीत पोलादाची धारही ठिसूळ होते, म्हणून कुऱ्हाड आणि पाचरी घरात ठेवा आणि कामाच्या वेळी बाहेर आणा. दुसरं टोक म्हणजे साल निघालेले, टोकांना खोल चिरा पडलेले वाळके ओंडके, ते कधीही फोडा. मधली अवस्था, म्हणजे उन्हाळ्यात कापलेलं अर्धवट सुकलेलं चिवट लाकूड, ही सगळ्यात वाईट. बहुतेक लोक नेमके याच वेळी झगडत असतात, सुट्टी उन्हाळ्यात मिळते म्हणून.

कुठला एल्म आहे यानेही फरक पडतो. रेड एल्म, ज्याचा गाभा लालसर तपकिरी असतो, तो बराच सरळ फुटतो. अमेरिकन एल्म सगळ्यात चिवट. सायबेरियन मधेच कुठेतरी, सरळ वाढलेलं खोड बऱ्यापैकी फुटतं, फांद्याळ भाग नाही. पानं असतील तर ओळखणं सोपं, सायबेरियनचं पान छोटं, २ ते ७ सेंटीमीटर, देठाशी दोन्ही बाजू जवळपास सारख्या, अमेरिकनचं मोठं आणि देठाशी एक बाजू खाली घसरलेली.

हे सगळं करूनही काही ओंडके हलणार नाहीत, बेचक्याचे आणि बुंध्याचे. त्यांना चेनसॉने उभं चिरा. पण कसं, ते महत्त्वाचं आहे. ओंडका उभा करून टोकातून खाली कापायला गेलात तर चेन तंतूंच्या टोकांना घासत राहते, नुसता बारीक भुसा निघतो, मशीन तापतं, धार जाते. ओंडका आडवा झोपवा, दोन्ही बाजूंनी लाकडाचे तुकडे लावून गडगडणार नाही असा पक्का करा, आणि चेनसॉचा बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, ओंडक्याच्या लांबीला समांतर धरून वरून खाली कापा. मग लांब लांब शेवयांसारखे पट्टे निघतात आणि चेन लोण्यातून जाते. ते पट्टे मात्र मशीनच्या क्लचच्या झाकणात अडकतात, दर थोड्या वेळाने मशीन बंद करून ते काढा. पूर्ण कापायची गरज नाही, दोन तृतीयांश गेलं की थांबा, चेन जमिनीला लावू नका, आणि उरलेलं पाचरीने उघडा. ते पट्टे वाळवून ठेवा, आग पेटवायला उत्तम.

हायड्रॉलिक स्प्लिटर, म्हणजे पाचर दाबून लाकूड फोडणारं मशीन, असेल तर २० ते २५ टनाचा एल्मला पुरतो, पण तो फोडत नाही, फाडतो. चार तुकडे एकदम करणारी फुलीची पाचर लावू नका, एल्म तिच्यात अडकून बसतो. साधी एकच उंच, धारदार पाचर ठेवा आणि ती शेवटपर्यंत जाऊ द्या, अर्ध्यावर मागे घेतली तर धागे तसेच राहतात आणि ओंडका पाचरीबरोबर मागे येतो. अडकलेला तुकडा हाताने ओढायचा मोह होतो, मशीन चालू असताना तो अजिबात करू नका. इथे पण कडेपासूनच सुरुवात करा.

चेन परत परत बोथट होतेय

कोरड्या मोकळ्या मुलखात वारा सतत धूळ आणि वाळू उडवतो आणि एल्मच्या सालीत खोल भेगा असतात, वर्षानुवर्षं ती वाळू त्यात भरत जाते. चेन सालीतून गेली की सगळ्यात आधी ती वाळू कापते. म्हणून सुटलेली साल आधी कुऱ्हाडीने काढून टाका, न निघणारी असेल तर जिथे कापायचं तिथला पट्टा तासून घ्या. सालविना झाड घ्या असं वर म्हटलं त्याचा हा दुसरा फायदा. चौकोनी टोकदार कोपऱ्याच्या दात्यांची चेन स्वच्छ लाकडात वेगात चालते पण धुळीत लगेच बसते, गोलसर कोपऱ्याची, सेमी-चिझल म्हणतात ती, थोडी हळू पण धार टिकवते. इथे तीच लावा.

कुंपणातलं झाड हा वेगळाच प्रश्न. प्रेअरीत झाडच कमी म्हणून जे उभं होतं त्यालाच लोकांनी काटेरी तार ठोकली, आणि झाडाने ती आत गिळली. वरून काही दिसत नाही. साल एका रेषेत आडवी दबलेली, तिथे फुगवटा, किंवा कापल्यावर लाकडात निळसर काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. जमिनीपासून दीड मीटरपर्यंतचा भाग सोडून वरून कापायला सुरुवात करा, तार बहुतेक तेवढ्यातच असते.

बोथट झालीय हे ओळखायला निघणारा भुसा बघा. ढलप्या निघत असतील तर ठीक, पीठ निघायला लागलं किंवा बार दाबावा लागतोय असं वाटलं की लगेच थांबा, तसंच रेटत राहिलात तर बार पण खराब होतो. गोल कानस चेनच्या मापाची पाहिजे, ०.३२५ इंच मापाच्या चेनला ४.८ मिलीमीटर, ३/८ ला साधारण ५.५, छोट्या मशीनच्या लो-प्रोफाइल ३/८ ला ४. साधारण ३० अंशाचा कोन, आतून बाहेर, प्रत्येक दात्याला सारखेच हात. दर दोन-तीन वेळा धार लावल्यावर दात्यापुढचा जो छोटा उंचवटा असतो तोही चपट्या कानशीने उतरवा, दात्याच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मिलीमीटर खाली, हे कुणी करत नाही आणि मग धार असून चेन कापत नाही. पेट्रोल भरायला थांबलात की दोन मिनिटं कानस फिरवायची, बस.

स्टोव्हमधे फसफसतंय

ओलं आहे, दुसरं काही नाही. २० टक्क्यांच्या खाली ओलावा आल्याशिवाय एल्म जाळू नका, धूर होतो, चिमणीत डांबरासारखा थर बसतो आणि तो पेटला तर घर जातं. ओलावा मोजायचं छोटं मीटर घ्या, पण ते टोकाला किंवा बाहेरून लावू नका, तिथे नेहमी कोरडंच दाखवतं. एक तुकडा परत फोडा आणि ताज्या फुटलेल्या बाजूवर, मधोमध, तंतूंच्या दिशेत टोचा. आणि लाकूड गोठलेलं असताना मोजू नका, आकडा चुकीचा येतो.

फोडलेला एल्म एका रांगेत, जमिनीपासून उचलून, वाऱ्याला आडवा रचा, फक्त वरून झाका, बाजू उघड्या. प्रेअरीचा वारा इथे कामाला येतो, फोडून असा रचलेला ओला एल्म एका पूर्ण उन्हाळ्यात बराचसा वाळतो, जाड तुकड्यांना आणि रोगट गाभ्याच्या ओल्या लाकडाला दोन उन्हाळे द्या. न फोडता ठेवलेले ओंडके मात्र सालीमुळे आतून ओलेच राहतात आणि कुजायला लागतात.

लाकूड हलवण्याआधी

एल्मचा डच एल्म रोग बुरशीचा आहे आणि सालीखाली वाढणारे छोटे भुंगे तो पसरवतात. अमेरिकेत तो १९३० मधे सापडला आणि गावोगावच्या रस्त्यांवरचे अमेरिकन एल्म त्याने संपवले. सायबेरियन एल्म त्याला बराच दाद देत नाही, पण भुंगे त्याच्या सालीखालीही वाढू शकतात. नुकतं मेलेलं, घट्ट सालीचं लाकूड थप्पी लावून ठेवलं तर वसंतात त्यातून भुंगे निघून आसपासच्या जिवंत झाडांवर जातात. मॅनिटोबा आणि सॅस्कॅचेवानमधे तर एल्मचं सरपण साठवणं आणि वाहून नेणं कायद्याने बंद आहे, तिथे राहत असाल तर वरचं काही करायच्या आधी स्थानिक नियम बघा. इतरत्र सुद्धा जिथे तोडलं तिथेच जवळपास जाळा, आणि घट्ट सालीचं असेल तर साल सोलून ती जाळून किंवा पुरून टाका. साल गळून पडलेल्या जुन्या वाळक्या लाकडात हे भुंगे वाढत नाहीत.

शेवटचं एक, पुढच्या वर्षांसाठी. जिवंत सायबेरियन एल्म पडला किंवा काढावाच लागला तर खुंट उपटू नका. त्याला भरपूर फुटवे येतात आणि वेगात वाढतात. त्यातले चार-पाच सरळ ठेवा, बाकीचे छाटा, गुरांपासून जपा, आणि पोटरीएवढे जाड झाले की हिवाळ्यात कापा. त्यांना कुऱ्हाड, पाचर, स्प्लिटर काही लागत नाही, नुसतं लांबीला कापायचं आणि रचायचं, फक्त वाळायला साल एका बाजूने तासून द्या.